अंगणातलं आभाळ

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, भीमगडच्या रानातल्या वाड्यांवर कुणी हातातला फोन वर धरून माळाकडे निघालं, की ओळखायचं, रेंज शोधायला चाललाय. फोनची तार नाही आणि टॉवरच्या लहरी डोंगर अडवतो.

मग इंटरनेट घरी आणता येत नाही का? येते. समोर दिसणाऱ्या गावात फायबर असेल, तर ५.८ गिगाहर्ट्झच्या दोन अँटेना समोरासमोर बसवून ५ किलोमीटर सहज गाठता येतात. पण अँटेना एकमेकींना नुसत्या दिसून भागत नाही. लहर सुतासारखी जात नाही, मधे फुगते. निम्म्या वाटेवर तिला चहूबाजूंनी सुमारे ८ मीटर मोकळी हवा हवी. मे महिन्यात झकास चाललेली लिंक जुलैत का मरते? मधल्या जांभळीची पानं भिजतात आणि पाणी लहरी पिऊन टाकतं.

उरलं आभाळ. इथं आपलं नशीब थोर आहे. ५ डिसेंबर २०१८ रोजी सोडलेला इस्रोचा इंटरनेट पुरवणारा उपग्रह जीसॅट-११ विषुववृत्तावर ७४ अंश पूर्व रेखांशाला, जवळपास ३६ हजार किलोमीटर उंचीवर आहे. खानापूर साडेचौऱ्याहत्तर अंशांवर. म्हणजे आपल्या अंगणातून तो दक्षिणेला, क्षितिजापासून सुमारे ७२ अंश वर, जवळजवळ डोक्यावरच. आजूबाजूला कितीही रान असो, वरचा आभाळाचा तुकडा पुरतो. पावसातून जाणारी वाटही आखूड होते. तरी कणकुंबीचा पाऊस तो कणकुंबीचा! हा उपग्रह वापरतो त्या कु-बँड नावाच्या पट्ट्यातली लहर जेमतेम अडीच सेंटिमीटरची, मोठे थेंब तिला शोषतात, विखुरतात. सर ओसरेपर्यंत थांबायचं.

दुसरी खोट उंचीची. विचारणा वर जाऊन खाली, उत्तर पुन्हा वर जाऊन खाली, असा १ लाख ४४ हजार किलोमीटरचा फेरा. प्रकाशालाही अर्धा सेकंद लागतो. व्हिडिओ कॉलवर मग दोघंही एकदम बोलतात आणि एकदम गप्प होतात.

सुमारे पाचशे किलोमीटरवरून फिरणारे स्टारलिंकसारखे उपग्रह ही वाट पाहायला लावत नाहीत. पण ते सतत सरकतात, म्हणून डिशला ऐसपैस आभाळ लागतं, आणि पुन्हा जांभळी आडवी येते. दाट रानात मला तरी जागचा न हलणारा, सावकाश उपग्रहच बरा वाटतो.

एवढं सगळं जमवून लेक बँकेचं काम करायला बसते, तर ओटीपी येतो साध्या एसएमएसनं, टॉवरवरून. म्हणजे चला माळावर.