मावशीची शेगडी आणि स्पीकरमधलं लोहचुंबक

जुन्या नाशकातला वाडा सोडून मावशी पाथर्डी फाट्याजवळच्या फ्लॅटमध्ये राहायला गेली, तेव्हा घरात दोन गोष्टींवरून वाद झाले. देवघर कुठल्या भिंतीला, आणि ओट्यावर शेगडी कुठली. देवघरातलं मला काही कळत नाही. शेगडीसाठी मात्र विज्ञान शिकलेला भाचा म्हणून मला दुकानात नेण्यात आलं. तिथे काळ्या काचेचे चार-चार बर्नरचे हॉब ओळीनं मांडले होते आणि विक्रेता त्यांच्याविषयी मोटारीविषयी बोलावं तसं बोलत होता. मावशीनं विचारलं, "यातली चांगली कुठली?" तो म्हणाला, "सगळ्याच."

ते अगदीच खोटं नव्हतं. शेगडी चांगली की वाईट, हे तिच्यावर काय चढणार यावर ठरतं. म्हणून आम्ही काहीच न घेता परतलो आणि मी मावशीला बांधलेल्या भांड्यांची पोती सोडायला लावली. माझ्या खिशात जुन्या स्पीकरमधून काढलेलं एक लोहचुंबक होतं.

बिडाच्या तव्याला ते टपकन चिकटलं. लोखंडी कढईलाही. आजीनं भांडी बाजारातून आणलेल्या पितळी पातेल्याला नाही, ॲल्युमिनियमच्या कुकरला नाही. इथवर अपेक्षेप्रमाणे. गंमत झाली ती स्टीलच्या भांड्यांत. एका पातेल्याला ते चिकटलं आणि शेजारच्या, तशाच दिसणाऱ्या पातेल्यावरून घसरलं. स्टील म्हणजे लोखंडच ना? हो, पण ज्या स्टेनलेस स्टीलमध्ये क्रोमियमबरोबर आठेक टक्के निकेल घातलेलं असतं, त्यातल्या अणूंची मांडणीच बदलते आणि ते चुंबकाला जवळजवळ दाद देत नाही. निकेलवालं स्टील महाग आणि गंजाला जास्त चिवट. म्हणजे मावशीची ठेवणीतली भांडीच या परीक्षेत नापास झाली.

ही परीक्षा इंडक्शनची, म्हणजे चुंबकीय क्षेत्रानं भांडं तापवणाऱ्या विजेच्या शेगडीची. फॅरेडेनं १८३१ साली दाखवून दिलं की बदलत्या चुंबकीय क्षेत्रात धातू ठेवला तर त्यात वीज वाहू लागते. इंडक्शनच्या काचेखाली तांब्याच्या तारेचं वेटोळं असतं आणि त्यातल्या प्रवाहाची दिशा सेकंदाला वीस-पंचवीस हजार वेळा किंवा त्याहूनही जास्त वेळा उलटसुलट होत राहते. वर ठेवलेल्या भांड्याच्या बुडात त्यामुळे भोवऱ्यासारखे प्रवाह फिरतात आणि बूड स्वतःच तापतं. काच तापते ती भांड्यामुळे, भांडं काचेमुळे नाही. मग ॲल्युमिनियमही धातूच आहे, ते का तापत नाही? कारण लोखंडाच्या चुंबकीय गुणामुळे हे प्रवाह बुडाच्या काचेकडच्या पृष्ठभागात, मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाहून पातळ पापुद्र्यात, कोंबले जातात. अरुंद गल्लीत गर्दी व्हावी तसा तिथे विरोध वाढतो आणि विरोध म्हणजेच उष्णता. ॲल्युमिनियममध्ये किंवा तांब्या-पितळेत प्रवाहाला वाट जास्त रुंद मिळते, शिवाय मुळातच विरोध कमी. प्रवाह आरामात फिरतो आणि भांडं फारसं तापत नाही. तसं भांडं ठेवलं तर बहुतेक इंडक्शन शेगड्या बीप-बीप करून बंदच होतात.

यात मिळणारा फायदा मोठा आहे. विजेची ऐंशी-पंच्याऐंशी टक्के उष्णता भांड्यात उतरते. गॅसवर मात्र ज्योत भांड्याच्या कडेनं वर निघून जाते आणि ओट्यापुढे उभ्या असलेल्या माणसाला भाजते. भारतीय मानक ब्युरोच्या निकषानुसार घरगुती एलपीजी शेगडीची कार्यक्षमता किमान ६८ टक्के असावी लागते, पण ती प्रयोगशाळेतली. घरी मोठ्या बर्नरवर चहाचं छोटं पातेलं ठेवलं, की ज्योतीचा निम्मा गजरा बाहेरच फुलतो. शेगडी कुठलीही असो, हे नुकसान आपण स्वतः करून घेतो.

मावशीनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "भाकरी?"

इथे माझी पंचाईत झाली. तव्यावर एक बाजू भाजून बाजरीची भाकरी थेट आचेवर टाकली की ती फुगते, कारण आतल्या पाण्याची वाफ पटकन होते आणि वरचा पापुद्रा उचलला जातो. इंडक्शनवर आच नाहीच. वांगं भाजून भरीत करायचं, पापड भाजायचा, मिरची खरपूस करायची, तर ज्योत हवी. तव्यावर भाकरी दाबून फुगवता येते, पण त्यातही एक मेख आहे. घरगुती इंडक्शनचं वेटोळं बहुधा वीतभरही नसतं. उष्णता बुडाच्या तेवढ्याच भागात तयार होते आणि बिडात ती हळू पसरते. उष्णता वाहून नेण्यात बीड ॲल्युमिनियमच्या निदान चारपट मागे आहे. म्हणून मोठ्या तव्यावर मध्ये करपलेलं आणि कडेला कच्चं असं होतं. गोल बुडाची कढई तर काचेवर एका बिंदूवर टेकते, बाकीचं बूड क्षेत्राबाहेर. आणि खानदेशातून आलेल्या मावशीच्या शेजारणीकडे मांडे करायचं मातीचं खापर आहे, त्याला तर कुठलंच वेटोळं विचारणार नाही.

म्हणून निदान दोन बर्नर गॅसचे, हे तिथेच ठरलं. मग पुढचा प्रश्न: गॅस कुठला? नाशिकमध्ये काही भागांत आता पाइपनं नैसर्गिक वायू येतो, बाकी घरांत सिलिंडर. ओट्यावर निळी ज्योत सारखीच दिसते, पण हे दोन वेगळे वायू आहेत. सिलिंडरमध्ये प्रोपेन आणि ब्युटेन, पाइपमध्ये मुख्यतः मिथेन. प्रोपेनच्या एका घनमीटरला नीट जळायला सुमारे २४ घनमीटर हवा लागते, ब्युटेनला ३१, मिथेनला जेमतेम दहा. पण तेवढ्याच आकारमानाच्या मिथेनमधून उष्णताही कमी मिळते. म्हणून पाइपच्या गॅससाठी बर्नरखालच्या जेटचं, म्हणजे गॅस सोडणाऱ्या तोटीचं, भोक मोठं लागतं.

माझ्या एका मित्रानं हा धडा काळ्या बुडांतून शिकला. पाइपचा गॅस आला तेव्हा जेट बदलून घेतले. दोन वर्षांनी घर बदललं, नव्या घरी सिलिंडर, आणि जोडणाऱ्या माणसानं जेटकडे पाहिलंच नाही. मोठ्या भोकातून एलपीजी भसाभसा यायला लागला, हवा पुरेना, ज्योत पिवळी झाली आणि महिन्याभरात सगळी पातेली काजळली. निळा रंग हा जळताना क्षणभर तयार होणाऱ्या कार्बन-हायड्रोजनच्या तुकड्यांचा. पिवळा हा न जळलेल्या काजळीच्या कणांचा, तापून लालपिवळे होणाऱ्या. पिवळी ज्योत म्हणजे वाया जाणारा गॅस, आणि बंद स्वयंपाकघरात कार्बन मोनॉक्साइडचा धोकाही. हॉब घेताना "दोन्ही गॅसचे जेट मिळतात का?" हा प्रश्न काचेच्या रंगाआधी विचारावा.

दुकानात ओट्यात बसवायचा हॉब आणि ओट्यावर ठेवायची शेगडी असे दोन प्रकार समोर येतात. ओट्यात बसवलेला दिसायला देखणा, यात वाद नाही. पण त्यासाठी ग्रॅनाइट कापावं लागतं, आणि पाच-सहा वर्षांनी हॉब बदलताना नव्याचं माप जुन्या भोकाशी जुळेल याची खात्री कोण देणार? याहून महत्त्वाची गोष्ट ओट्याखाली आहे. एलपीजी हवेपेक्षा दीड ते दोन पट जड. तो गळला तर वर उडत नाही, पाण्यासारखा खाली साचतो. हॉबच्या खाली ट्रॉल्यांचं बंद कपाट आणि त्यातच सिलिंडर असेल, तर ते कपाट गॅसचं हौद बनतं. हवेत दोन टक्क्यांच्या आसपास एलपीजी मिसळला की ठिणगी पुरेशी होते. म्हणून कपाटाच्या दाराला अगदी तळाशी जाळी हवी. सुताराला हे सांगितलं तर तो म्हणतो, "झुरळं येतील." येऊ देत. मिथेन उलट हवेपेक्षा हलका, तो वर जातो, म्हणून पाइपच्या गॅससाठी वरच्या बाजूला वाट ठेवावी लागते.

आता माझी सगळ्यात आवडती गोष्ट, जी विक्रेत्यानं "सेफ्टी आहे" एवढ्या दोन शब्दांत उरकली. चांगल्या हॉबमध्ये बर्नरच्या कडेला पेन्सिलीच्या टोकासारखी एक धातूची कांडी उभी असते. ते थर्मोकपल. दोन वेगळ्या धातूंचा सांधा तापवला की त्यात विजेचा दाब तयार होतो. हा परिणाम सीबेक या शास्त्रज्ञाला १८२१ साली आढळला. ज्योतीत तापलेली ही कांडी फक्त काही मिलिव्होल्ट देते, पण तेवढ्यावर एक छोटं विद्युतचुंबक गॅसची झडप उघडी धरून ठेवतं. दूध उतू जाऊन ज्योत विझली की कांडी थंड होते, चुंबकाची पकड सुटते, स्प्रिंग झडप बंद करते. सेल नाही, चिप नाही. ज्योत स्वतःच स्वतःची राखण करते. हॉब पेटवताना बटण काही सेकंद दाबून धरावं लागतं ते यासाठी, कांडी तापायला वेळ लागतो. ही सोय आहे की नाही, हे बर्नर इटालियन आहे की नाही याहून शंभरपट महत्त्वाचं. मावशी दूध ठेवून फोनवर बोलते, हे मी तिला न सांगताच विचारात घेतलं.

काचेबद्दल थोडं. गॅस हॉबची काच कडक केलेली असते. भट्टीत तापवून तिच्यावर थंड हवेचे झोत सोडतात. पृष्ठभाग आधी आवळतो, गाभा मागून आकसतो, त्यामुळे बाहेरचा थर कायम दाबाखाली राहतो आणि काच साध्या काचेपेक्षा चार-पाच पट मजबूत होते. पण कडेला टवका उडाला तर तो कोंडलेला ताण एकदम मोकळा होतो आणि अख्खी काच लाह्यांसारखी फुटते. मोठ्या बुडाचं पातेलं बर्नरच्या बाहेर पसरलं की आच खालच्या काचेवर परतते, ते टाळावं. इंडक्शनची काच निराळी, ती काच-सिरॅमिक. तापली तरी ती जवळजवळ प्रसरण पावत नाही. स्टीलच्या पत्र्याची शेगडी मात्र कधी फुटत नाही, आणि स्वस्तही पडते. ती फक्त फोटोत चांगली दिसत नाही.

खर्चाचा हिशोब. १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये साधारण १८० युनिट विजेएवढी ऊर्जा असते. त्यातली साठ टक्के भांड्यात पोहोचली असं धरू, म्हणजे १०८. तेवढीच उष्णता इंडक्शननं द्यायची तर १२७ ते १३५ युनिट लागतील. पाइपचा गॅस असेल तर एका सिलिंडरच्या जागी सुमारे १८ घनमीटर धरावेत. आपल्या बिलावरचा दर घ्या आणि गुणून पाहा. दर बदलत राहतात, हे आकडे नाही. एक सावधगिरी: महावितरणचा घरगुती दर १०० आणि ३०० युनिटच्या पायऱ्यांवर चढतो. पंखे-फ्रिजमध्येच शंभर संपत असतील तर इंडक्शनचं प्रत्येक युनिट वरच्या पायरीचं असतं. सरासरी दर धरून गुणाल तर फसाल.

आणि धूर नाही म्हणून इंडक्शन स्वच्छ, असं कुणी म्हणालं तर त्याला नाशिकजवळच्या एकलहऱ्याच्या वीज केंद्राच्या चिमण्या दाखवाव्यात. कोळशाच्या वीज केंद्रात कोळशाच्या उष्णतेची जेमतेम तिसऱ्या हिश्शाची वीज होते. त्या विजेवर इंडक्शन चालवलं तर मूळ इंधनातली फार तर तीस टक्के ऊर्जा पातेल्यात येते, गॅसच्या निम्मीच. धूर घरातून गावाबाहेर गेला, एवढंच. घरातल्यांच्या फुप्फुसांसाठी तेही कमी नाही. गॅसच्या ज्योतीत हवेतल्या नायट्रोजनचे ऑक्साइड बनतातच, म्हणून चिमणी आणि उघडी खिडकी हवी. छतावर सौर पॅनल असेल तर मात्र इंडक्शनचं पारडं सरळ जड होतं.

इन्फ्रारेड शेगडीही दुकानात दाखवतात. तिच्यात तारच लाल होते आणि कुठलंही भांडं चालतं, पितळीसुद्धा. पण तापायला वेळ, निवायला त्याहून वेळ. मला ती पटली नाही.

शेवटी मावशीनं ओट्यावर ठेवायची तीन बर्नरची शेगडी घेतली, थर्मोकपलवाली, आणि शेजारी एक सुटं इंडक्शन. त्यासाठी इलेक्ट्रिशियनला १६ अँपिअरचा वेगळा पॉइंट काढायला लावला. २००० वॅटला २३० व्होल्टवर जवळजवळ नऊ अँपिअर लागतात आणि मिक्सरच्या ६ अँपिअरच्या सॉकेटवर ते लावलं तर सॉकेट तापून वितळू शकतं. चहा, दूध, वरणभाताचा कुकर इंडक्शनवर, भाकरी आणि फोडणी गॅसवर, अशी तिनं परस्पर वाटणी केली.

कुकर मात्र नवा घ्यावा लागणार होता, जुना ॲल्युमिनियमचा. मावशी एकटीच गेली. स्टीलचा एक कुकर पसंत पडला, दुकानदार म्हणाला, "इंडक्शनला चालतो, मावशी, गॅरंटी." तिनं पर्स उघडली, पैसे काढायला असं त्याला वाटलं. तिनं माझं लोहचुंबक काढून बुडाला लावलं. ते घसरून काउंटरवर पडलं.