ताटासमोर मान पडते तेव्हा

उत्तर युगांडातल्या किटगुम, पादेर भागातलं आठ-दहा वर्षांचं पोर जेवायला बसतं. समोर मक्याच्या पिठाचा गरम पोशो. घास उचलतं आणि मान खाली पडते, वर येते, पुन्हा पडते. मिनिटाला ५ ते २० वेळा. घास धरलेला हात तसाच अधांतरी. अचोली लोक याला ‘लुच लुच’ म्हणतात, डॉक्टर नॉडिंग सिंड्रोम. बघणाऱ्याला वाटतं पोर पेंगतंय. पण मेंदूचा आलेख सांगतो की ही फिट आहे, मानेच्या स्नायूंचा ताण क्षणभर सुटतो. पुढे मोठ्या फिट्स येतात, वाढ खुंटते, शाळा सुटते.

नेमकं कारण अजून हाती लागलेलं नाही. खळाळत्या नद्यांकाठी वाढणारी काळी माशी आणि ती चावताना अंगात शिरणारा ऑन्कोसर्का जंत, यांच्यावर दाट संशय आहे. २०१७ मध्ये काही मुलांच्या रक्तात अशी प्रतिपिंडं (अँटिबॉडीज) सापडली, की जी या जंतावर आणि मेंदूतल्या एका प्रथिनावरही चालून जातात. वाद मात्र मिटला नाही.

आता दवाखान्यातल्या नर्सचा विचार करा. ती त्याच मुलखातली. गावकरी म्हणतात, इथल्या यादवी युद्धात वाईट मरण आलेल्यांचे आत्मे झपाटतात. कुणी म्हणतं, विस्थापितांच्या छावणीत वाटलेल्या धान्यातून आलं. कुणी म्हणतं, लाळेतून लागतं. तिच्या पुस्तकात याचं उत्तर नाही. मग औषधाची पुडी लांबूनच सरकवली जाते, ‘यावर काही इलाज नाही’ असं आईला सांगितलं जातं. मला तिचा राग येत नाही. आपल्याकडेही फेफरं आलेल्याला कांदा हुंगवतात, हातात किल्ली देतात, आणि शिकलेली माणसंही दोन पावलं मागे सरतात. पण त्या एका वाक्यानं आई परत फिरते, गोळ्या मध्येच बंद पडतात, आणि फिटची गोळी अचानक तुटली की फिट्स आणखी जोरात उसळतात.

टांझानियातल्या महेंगे इथे १९६० च्या सुमारास लुईस यिलेक-आल या डॉक्टरीणबाईंनी हेच पाहिलं होतं. फिट आलेला माणूस चुलीत पडला तरी लाळ अंगाला लागेल या भीतीनं कुणी त्याला ओढून काढत नसे. म्हणून रुग्णांच्या अंगावर भाजल्याचे मोठाले व्रण असत. बाईंनी फिट्सचा दवाखाना सुरू केला आणि फेनोबार्बिटालसारखी साधी, स्वस्त गोळी दिली. मान डोलणारी मुलं त्यांनी तेव्हाच नोंदवली. कारण त्यांनाही ठाऊक नव्हतं. तरी त्या रुग्णाला हात लावत होत्या.

मला यातलं हेच महत्त्वाचं वाटतं. फिट थांबवायला तिचं मूळ कळावंच लागतं असं नाही. युगांडात २०१२ मध्ये खास उपचार केंद्रं उघडली, कर्मचाऱ्यांना शिकवलं, सोडियम व्हॅलप्रोएट हे फिटचं औषध सुरू केलं. नियमित गोळ्या मिळालेल्या कित्येक मुलांच्या फिट्स कमी झाल्या, काही पुन्हा शाळेत बसू लागली. नदीकाठी फवारणी झाली, जंतावरचं आयव्हरमेक्टिन वर्षातून दोनदा वाटलं, आणि नवे रुग्ण जवळजवळ थांबले.

तेव्हा दहा वर्षांची असलेली मुलं आज विशी ओलांडून गेली आहेत. त्यांतल्या अनेकांना गोळी अजून रोज लागते, आणि ती आणायला त्याच दवाखान्याच्या खिडकीशी जावं लागतं.