स्वाने, मिकेल

(१९७१ – ). डॅनिश उद्योजक. ग्राहकसेवेचे सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या ‘झेंडेस्क’ या कंपनीचे एक संस्थापक आणि २०२२ पर्यंत मुख्य कार्यकारी अधिकारी. डॅनिश भाषेत ‘स्वाने’ म्हणजे हंस. इंग्रजी वळणाचे ‘स्वेन’ असेही लेखन आढळते. मराठीत मात्र शेवटचा एकार राखलेला बरा, नाहीतर हंसाचा श्वान व्हायला वेळ लागत नाही.

‘कापुट’ ही सॉफ्टवेअर कंपनी आणि नंतर ‘माटेर्ना’ या जर्मन कंपनीतील नोकरी असा त्यांचा आधीचा प्रवास. सल्लागार म्हणून काम करताना तक्रार-निवारणाची तेव्हाची सॉफ्टवेअरे किती बोजड असतात, हे त्यांनी जवळून पाहिले.

झेंडेस्कचा उगम नेमका कधीचा आणि कुठला मानावा, याबाबत एकवाक्यता नाही. अलेक्झांडर अघासिपूर आणि मॉर्टन प्रिमडाल यांच्यासह कोपनहेगनमधील एका घरात काम सुरू झाले ते २००५–०६ च्या सुमारास असावे. डेन्मार्कमधील नोंदणी २००७ ची; त्याच वर्षी सेवा बाजारात आली. एप्रिल २००९ मध्ये कंपनीची अमेरिकेतील डेलावेअर राज्यात पुनर्नोंदणी झाली. बिऱ्हाड आधी बोस्टनला आणि लवकरच सॅन फ्रान्सिस्कोला गेले. त्यामुळे काही लेखक तिला अमेरिकी कंपनीच म्हणतात. भांडवल तिकडचे असले तरी मूळ उत्पादन कोपनहेगनमध्ये घडले होते, म्हणून २००७ हे वर्ष आणि डॅनिश उगम धरणे अधिक सयुक्तिक. ज्या ‘रूबी ऑन रेल्स’वर ते उत्पादन बांधले गेले, ती वेब-सॉफ्टवेअर रचण्याची तयार चौकटही डेव्हिड हाइनमायर हान्सन या डॅनिश प्रोग्रामरचीच.

उत्पादनाचे तत्त्व साधे होते. ग्राहकाची प्रत्येक तक्रार हे एक ‘तिकीट’. त्याला क्रमांक आणि ‘नवे’, ‘खुले’, ‘प्रलंबित’, ‘सुटलेले’ अशी अवस्था. सॉफ्टवेअर विकत घेऊन आपल्या सर्व्हरवर बसवण्याची गरज नाही. तक्रारी हाताळणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या संख्येनुसार भाडे भरायचे.

मे २०१० मध्ये हे भाडे वाढवल्यावर जुने ग्राहक खवळले. स्वाने यांनी जाहीर माफी मागून त्यांचे जुने दर कायम ठेवले. या गदारोळाची बातमी व तिच्याखालील प्रतिक्रिया वाचून चेन्नईच्या गिरीश मातृभूतम यांना स्पर्धक ‘फ्रेशडेस्क’ काढण्याची कल्पना सुचली, असे ते स्वतः सांगतात. तीच कंपनी, आता ‘फ्रेशवर्क्स’, २०२१ मध्ये नॅसडॅक या अमेरिकी शेअरबाजारात नोंदली गेली. एका दरवाढीचे असे फळ विरळाच.

झेंडेस्क मे २०१४ मध्ये न्यूयॉर्क शेअरबाजारात उतरली. शेअरची प्रारंभीची किंमत ९ डॉलर. २०२० मध्ये वार्षिक महसूल १ अब्ज डॉलरपुढे गेला.

अखेरचा टप्पा वादाचा. ऑक्टोबर २०२१ मध्ये ‘सर्व्हेमंकी’ या ऑनलाइन सर्वेक्षण-सेवेची मालक कंपनी ‘मोमेंटिव्ह’ घेण्याचा बेत जाहीर झाला, पण फेब्रुवारी २०२२ मध्ये झेंडेस्कच्याच भागधारकांनी तो फेटाळला. त्याच महिन्यात संचालक मंडळाने खाजगी गुंतवणूकदारांचा दरशेअर १२७ ते १३२ डॉलरचा प्रस्ताव अपुरा म्हणून नाकारला. जूनमध्ये मात्र ७७.५० डॉलर दराने, एकूण सुमारे १०.२ अब्ज डॉलरला, ‘हेलमन अँड फ्रीडमन’ व ‘पर्मिरा’ यांच्या गटाला कंपनी विकण्याचे ठरले. बाजार घसरला होता हे खरे. तरी चार महिन्यांत पडलेला हा फरक केवळ बाजाराच्या माथी मारता येत नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये व्यवहार पुरा झाला आणि स्वाने यांची जागा टॉम एगेमायर यांनी घेतली.