किलीमांजारोची मरंगू वाट: हटमधील मुक्काम, उंची आणि पूर्वतयारी

किलीमांजारोला आमच्यासोबत येऊ इच्छिणाऱ्या पुण्यातील ग्राहकांसाठी हे माहितीपत्रक तयार केले आहे. नोंदणीची रक्कम भरण्यापूर्वी ते घरच्यांसह एकदा संपूर्ण वाचावे, अशी आग्रहाची विनंती आहे. या मोहिमेतला सर्वांत महत्त्वाचा निर्णय नोंदणीच्या वेळीच घ्यावा लागतो आणि तो म्हणजे चढाईला किती दिवस द्यायचे हा.

टांझानियातील किलीमांजारो हा आफ्रिका खंडातील सर्वांत उंच पर्वत असून त्याचे सर्वोच्च टोक, म्हणजे उहुरू शिखर, ५,८९५ मीटर उंचीवर आहे. माथ्यावर जाणाऱ्या अनेक वाटांपैकी मरंगू ही एकच वाट अशी आहे, जिच्यावर प्रत्येक मुक्काम तंबूऐवजी पक्क्या हटमध्ये होतो. डोक्यावर छप्पर, झोपायला गादी आणि जेवायला टेबल मिळत असल्यामुळे ही वाट सर्वांत सोपी आहे असा समज सर्वदूर पसरला आहे. चालण्याच्या दृष्टीने तो बराचसा खरा आहे, कारण वाट रुंद आणि मळलेली आहे, आणि दोर किंवा प्रस्तरारोहणाचे तंत्र कुठेही लागत नाही. उंचीच्या दृष्टीने मात्र हा समज चुकीचा आहे आणि पुढील मजकुराचा बराच भाग त्यासाठीच खर्च केला आहे.

हट आणि तेथील सोयी

वाटेवर मुक्कामाची तीन ठिकाणे आहेत. पहिले मंदारा, २,७२० मीटरवर, घनदाट जंगलाच्या वरच्या कडेला. दुसरे होरोंबो, ३,७२० मीटरवर, झुडपांच्या मोकळ्या उतारावर. तिसरे किबो, ४,७२० मीटरवर, जिथे गवताची काडीही उगवत नाही. मंदारा आणि होरोंबो येथे उतरत्या छपरांच्या छोट्या लाकडी हट असून प्रत्येकीत मोजक्याच जणांची झोपण्याची सोय असते, आणि जेवणासाठी स्वतंत्र मोठी खोली असते. किबो येथील निवारा दगडी असून त्यात दुमजली बाकांच्या सामायिक खोल्या आहेत. खोल्यांचे वाटप किलीमांजारो राष्ट्रीय उद्यानाचे कर्मचारी करतात, त्यामुळे आपल्या खोलीत अन्य देशांतील अनोळखी गिर्यारोहक असू शकतात आणि स्त्री-पुरुषांसाठी वेगळी व्यवस्था होईलच असे नाही. ही बाब आम्ही मुद्दाम आधी सांगत आहोत, कारण ती तिथे गेल्यावर कळली तर काहींना अवघडल्यासारखे होते.

गादी आणि उशी मिळते, पांघरूण मिळत नाही. हटमध्ये शेकोटी किंवा हीटर नसतो आणि भिंती वारा अडवत असल्या तरी थंडी अडवत नाहीत, म्हणून उणे दहा अंशांपर्यंत ऊब देणारी स्लीपिंग बॅग प्रत्येकाकडे असावी. दिवे सौरऊर्जेवर चालतात, परंतु मोबाइल चार्ज करण्याची सोय गृहीत धरू नये. किबो येथे पाण्याचा झरा नाही. तिथला स्वयंपाक आणि पिण्याचे पाणी या दोन्हींसाठी हमाल खालून पाणी वाहून आणतात, त्यामुळे त्या मुक्कामात हातपाय धुण्यासाठी पाणी मागू नये.

सहा दिवसच का

आता वरील तीन उंचींमधला फरक पाहावा. मंदाराहून होरोंबो एक हजार मीटर वर आहे, आणि होरोंबोहून किबो आणखी एक हजार मीटर. पर्वतीय वैद्यकातील सर्वमान्य शिफारस अशी आहे की, ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची रोज सुमारे ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर थांबावे. तंबूच्या वाटेवर मुक्काम थोडा खाली-वर सरकवता येतो. इथे हट जिथे बांधल्या आहेत तिथेच झोपावे लागते, म्हणून ज्या सोयीमुळे ही वाट निवडली जाते, तीच सोय शरीराला रोज दुप्पट उडी मारायला लावते.

बाजारात या वाटेची सहल पाच दिवसांत करून देणारे अनेक जण आहेत आणि एका दिवसाचे उद्यानशुल्क वाचत असल्याने ती स्वस्तही पडते. आम्ही पाच दिवसांची सहल नेत नाही आणि ग्राहकाने आग्रह धरला तरी नेणार नाही. आमच्या सहा दिवसांच्या कार्यक्रमात होरोंबो येथे एक जादा दिवस असतोच. त्या दिवशी सकाळी सुमारे ४,००० मीटरवरील झेब्रा रॉक्सपर्यंत, आणि प्रकृती साथ देत असेल तर त्याच्याही वर मावेन्झी या किलीमांजारोच्या दुसऱ्या शिखराच्या दिशेने चालत जाऊन दुपारी जेवायला परत होरोंबोला यायचे असते. दिवसा उंच चढून रात्री खाली झोपल्याने श्वासाची गती आणि रक्तातील प्राणवायूचे प्रमाण नव्या उंचीशी जुळू लागते. 'एवढे चढलो, मग परत कशाला उतरायचे' असे त्या दिवशी बहुतेकांना वाटते, तरीही तो दिवस खोलीत पडून घालवू नये.

ज्यांना तंबूत राहण्याची अडचण नाही आणि ज्यांच्याकडे चढाईसाठी आठ दिवस आहेत, त्यांना आम्ही लेमोशो वाट सुचवतो, कारण तिथे चढ-उतार अधिक शहाणपणाने विभागलेला आहे. मरंगू वाट आम्ही ज्यांना तंबूतील ओल आणि थंडी सोसत नाही, त्यांच्यासाठी ठेवली आहे.

चालण्याचा क्रम

पहिल्या दिवशी मरंगू प्रवेशद्वारातून जंगलातून मंदारापर्यंत जायचे असते, आणि वाटेत काळी-पांढरी कोलोबस माकडे झाडांवर दिसतात. प्रवेशद्वारच १,८०० मीटरहून अधिक उंचीवर आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या १,६४६ मीटर उंच माथ्यापेक्षाही ते वर आहे. दुसऱ्या दिवशी जंगल संपते आणि होरोंबो जवळ येताच पुरुषभर किंवा त्याहून उंच, टोकाला पानांचा गुच्छ असलेले सेनेसिओ वृक्ष दिसू लागतात. चौथ्या दिवशी मावेन्झी आणि किबो (उहुरू ज्याच्या माथ्यावर आहे ते मुख्य शिखर) या दोन शिखरांमधले उघडे-बोडके पठार ओलांडून किबोच्या निवाऱ्यात पोहोचायचे असते. हे पठार सपाट असल्याने पाय आपोआप वेग घेतात. तो आवरावा.

शिखराची रात्र

किबोला दुपारी पोहोचून, लवकर जेवून, पडल्या पडल्या डोळे मिटावे लागतात, कारण मध्यरात्रीच्या सुमारास निघायचे असते. झोप लागली नाही तरी काळजी करू नये, त्या उंचीवर ती अनेकांना लागत नाही. निवाऱ्यापासून चढ सुरू होतो तो सगळा घसाऱ्याचा. राजगड-तोरण्याच्या वाटेवर मुरमावरून पाय मागे सरकतो त्याची आपल्याला सवय असते, पण इथे तोच घसारा हजार मीटरच्या आसपास सलग आहे. रात्रीच्या थंडीने वरचा थर गोठलेला असतो, म्हणून त्यावर पाय ठरतो, आणि रात्री निघण्याचे हे एक कारण आहे. हान्स मेयर गुहेपाशी थोडा वेळ थांबतात. १८८९ मध्ये हे शिखर पहिल्यांदा गाठणाऱ्या दोघांपैकी एकाचे नाव या गुहेला आहे. तेथून नागमोडी वाटेने ५,६८५ मीटरवरील गिलमन्स पॉइंटवर, म्हणजे ज्वालामुखीच्या काठावर, साधारण पहाटेच्या वेळी पोहोचता येते. तेथून उहुरू शिखर आणखी दीड ते दोन तासांवर आहे. काठाकाठाने जाताना दिसणाऱ्या हिमनद्या आता तुकड्यांच्या रूपात उरल्या आहेत. १९१२ पासून इथला चार-पंचमांशाहून अधिक बर्फ नाहीसा झाला आहे.

त्याच दिवशी किबोमार्गे थेट होरोंबोपर्यंत उतरायचे असते. हिशोब केला तर त्या एका दिवसात १,१७५ मीटर चढ आणि २,१७५ मीटर उतार होतो. आतकरवाडीहून सिंहगडाचा चढ सुमारे ६०० मीटर धरला, तर जवळजवळ दोनदा चढणे आणि साडेतीनदा उतरणे, तेही रात्रीच्या जागरणानंतर आणि समुद्रसपाटीच्या मानाने जेमतेम निम्म्या प्राणवायूत.

विरळ हवेचा त्रास

डोकेदुखी, मळमळ, अन्नावरची वासना उडणे, चक्कर आणि नेहमीपेक्षा जास्त थकवा ही उंचीच्या आजाराची सुरुवातीची लक्षणे आहेत. ती लपवू नयेत. वय, व्यायाम किंवा मॅरेथॉनचा अनुभव यांवरून हा आजार कोणाला होईल हे सांगता येत नाही, आणि तो होणे ही कमजोरी नाही. लक्षणे असताना वर चढायचे नाही, आणि ती वाढत असतील तर खाली उतरायचे, हा आमचा पक्का नियम आहे. बसल्या जागी धाप लागणे, सतत खोकला, बोलण्यात असंबद्धपणा किंवा सरळ रेषेत पावले टाकता न येणे ही फुप्फुसांत किंवा मेंदूत पाणी साचत असल्याची चिन्हे असू शकतात. अशा वेळी रात्र असो वा पाऊस, त्या व्यक्तीला ताबडतोब खाली नेले जाते. आमच्या गाइडजवळ प्राणवायूचा सिलिंडर असतो, पण तो खाली उतरेपर्यंतचा आधार आहे, त्याच्या जोरावर वर जायचे नाही.

रोज संध्याकाळी गाइड प्रत्येकाचे पल्स ऑक्सिमीटरने मोजमाप करतात. त्यावरील आकडा शेजाऱ्याच्या आकड्याशी ताडून पाहू नये. आकड्यापेक्षा जेवण किती गेले आणि चालताना तोल कसा होता, याकडे आम्ही अधिक लक्ष देतो. डायमॉक्स या गोळीविषयी पुष्कळ जण विचारतात. ती उंचीशी जुळवून घेण्यास मदत करते, परंतु लघवीचे प्रमाण वाढते, बोटांना मुंग्या येतात, आणि सल्फा औषधांची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांशी बोलणे आवश्यक असते. ती स्वतःच्या मनाने सुरू करू नये.

पुण्यातील सराव

निघण्यापूर्वी किमान तीन महिने सराव करावा. रोज पर्वती चढणे-उतरणे चांगले आहे, पण ते पुरेसे नाही. आठवड्यातून एकदा पाठीवर सात-आठ किलोची सॅक घेऊन सिंहगड आतकरवाडीहून चढावा आणि गाडीने न येता चालत उतरावा, कारण किलीमांजारोवर गुडघ्यांची खरी परीक्षा उतरताना होते. शेवटच्या महिन्यात कात्रज ते सिंहगड हा रात्रीचा ट्रेक एकदा करावा, म्हणजे हेडटॉर्चच्या उजेडात जागरण करून चालण्याची सवय होते. सह्याद्रीत पायांची आणि दमाची तयारी होते, उंचीची होत नाही, हे मात्र लक्षात ठेवावे. बूट नवीन घेतले असतील तर ते या सरावातच पायाला बसवून घ्यावेत.

आहार आणि सामान

सोबतचे आचारी शाकाहारी जेवण व्यवस्थित बनवतात आणि आगाऊ कळवल्यास कांदा-लसणाशिवायही देतात. उंचीवर भूक मरते आणि ताटातले परके पदार्थ पाहून ती आणखी मरते, म्हणून मेतकूट, लिंबाचे लोणचे, लसणाची चटणी आणि गूळ-शेंगदाण्याचे लाडू थोड्या प्रमाणात आणावेत. गरम भात, तूप आणि मेतकूट किबोला घशाखाली उतरते, असा आमचा अनुभव आहे. चढाईच्या दिवसांत संकष्टी किंवा एकादशी आली तरी उपास करू नये. रोज तीन ते चार लिटर पाणी प्यावे.

टांझानियात १ जून २०१९ पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे, तेव्हा कपडे आणि खाऊ कापडी पिशव्यांत बांधावा. हमालाला वाहण्यासाठी देण्याची बॅग १५ किलोंच्या आत असावी. एका हमालाच्या एकूण ओझ्याला २० किलोंची मर्यादा आहे आणि त्यात त्याचे स्वतःचे सामानही येते. प्रवेशद्वारावर वजन होते आणि जास्तीचे सामान तिथेच काढून ठेवावे लागते. शिखराच्या रात्री पाण्याची बाटली लोकरी मोज्यात घालून उलटी ठेवावी, कारण पाणी वरून गोठत येते आणि बाटली उलटी असेल तर तोंडाशी बर्फ धरत नाही. नळीने पाणी पिण्याची पिशवी त्या रात्री उपयोगी पडत नाही, तिची नळी गोठते. हेडटॉर्चचे जादा सेल आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवावेत.

हंगाम आणि कागदपत्रे

मार्च ते मे हा तिथला मोठा पावसाळा आणि नोव्हेंबरच्या सुमारास छोटा पावसाळा असतो. त्यामुळे मुलांच्या उन्हाळी सुट्टीत आम्ही तुकड्या नेत नाही, आणि दिवाळी नोव्हेंबरमध्ये येत असेल तर त्या सुट्टीतही नेत नाही. जून ते ऑक्टोबर आणि जानेवारी ते फेब्रुवारी हा काळ योग्य आहे. शक्य तेव्हा एक तुकडी कोजागरीच्या आसपास ठेवली जाते, म्हणजे शिखराच्या रात्री चांदण्यात वाट दिसते.

पुण्याहून मुंबई आणि तेथून अदिस अबाबा, नैरोबी किंवा दोहामार्गे किलीमांजारो विमानतळ, असा प्रवास असतो. पीतज्वराचा प्रादुर्भाव असलेल्या देशातून किंवा त्या देशामार्गे येणाऱ्यांकडे लशीचे वैध प्रमाणपत्र नसेल, तर भारतात परतल्यावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवले जाऊ शकते. त्यामुळे सर्वांनीच ही लस घ्यावी असे आम्ही सांगतो. ती केवळ सरकारमान्य केंद्रावर मिळते आणि प्रमाणपत्र लस घेतल्यापासून दहा दिवसांनी वैध होते, म्हणून शेवटच्या आठवड्यासाठी ठेवू नये. वय साठीच्या पुढे असल्यास किंवा अंड्याची अ‍ॅलर्जी असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे. पायथ्याच्या भागात हिवताप असल्याने त्याच्या प्रतिबंधक औषधाविषयीही त्याच वेळी विचारून घ्यावे.

प्रवासविमा घेताना पॉलिसीत ६,००० मीटर उंचीपर्यंतच्या पायी चढाईचा स्पष्ट उल्लेख असल्याची खात्री करावी, कारण साध्या पॉलिसीत उंचीची मर्यादा बरीच खाली असते. रक्तदाब, मधुमेह, दमा किंवा हृदयविकाराचा पूर्वेतिहास असणाऱ्यांनी नोंदणीअर्जासोबत आपल्या डॉक्टरांचे पत्र जोडावे. पत्र नसलेला अर्ज आम्ही स्वीकारत नाही. वाटेत परतण्याविषयी गाइडचा निर्णय अंतिम राहील आणि त्याविरुद्ध आमच्या पुण्यातील कार्यालयाला फोन करून तो बदलून घेता येणार नाही, ही अट नोंदणीअर्जावर छापलेली आहे. तिच्याखाली अर्जदाराची आणि घरातील एका व्यक्तीची सही आवश्यक आहे.