मिंटो चषक

कॅनडातील लॅक्रॉस या, जाळीदार काठीने चेंडू झेलत-फेकत गोल करण्याच्या खेळाचा एक जुना चांदीचा चषक. कॅनडाचे गव्हर्नर जनरल (१८९८–१९०४) चौथे अर्ल ऑफ मिंटो यांनी तो १९०१ मध्ये दिला. हेच मिंटो पुढे हिंदुस्थानचे व्हाइसरॉय (१९०५–१०) झाले. मोर्ले–मिंटो सुधारणा त्यांच्याच नावाच्या, आणि लोकमान्य टिळकांना मंडालेला धाडण्यात आले तेही त्यांच्याच कारकिर्दीत. तरुणपणी ते घोड्यांच्या अडथळा शर्यतींतील नामांकित स्वार होते. खेळाला चषक देण्याचा पायंडा मात्र त्यांच्याआधीच लॉर्ड स्टॅन्ली यांनी आइस हॉकीत पाडला होता.

चषक प्रारंभी आव्हान पद्धतीने खेळला जाई. तो ज्याच्याकडे असेल त्या संघाला दुसऱ्या संघाने आव्हान द्यायचे आणि दोन सामन्यांतील गोलांची बेरीज करून निकाल लावायचा, अशी सर्वसाधारण रीत होती. खेळ मोकळ्या मैदानावर, बाजूला बारा गडी घेऊन होई. पहिल्या काही वर्षांत माँट्रियलच्या शॅमरॉक्स संघाचा वरचष्मा होता.

चषक मुळात हौशी खेळाडूंसाठी होता. तो व्यावसायिकांकडे नेमका केव्हा गेला, याविषयी एकवाक्यता नाही. प्रश्न वाटतो त्याहून गुंतागुंतीचा आहे, कारण ‘हौशी’ हा शब्दच तेव्हा निखळ नव्हता. ज्या मोहॉक व इतर मूलनिवासी लोकांकडून गोऱ्या कॅनेडियनांनी हा खेळ घेतला, त्यांना १८८० मध्ये राष्ट्रीय संघटनेने हौशीपणाची अट घालून अजिंक्यपदाच्या सामन्यांबाहेर ठेवले. गोऱ्या संघांत मात्र गुपचूप पैसे देणे चालूच होते. १९०६ च्या सुमारास माँट्रियलच्या एका बड्या क्रीडासंस्थेने हौशी व पगारी गडी एकाच लॅक्रॉस संघात खेळवण्याचा आग्रह धरला. त्यातून कॅनडाच्या क्रीडासंघटनांत जी फूट पडली तिला ‘क्रीडायुद्ध’ म्हणतात. ती १९०९ पर्यंत टिकली. काही जण १९०६ हेच चषकाच्या स्थित्यंतराचे वर्ष मानतात. परंतु पश्चिम किनाऱ्यावरील ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील संघ उघडपणे व्यावसायिक झाले ते १९०९ च्या आसपास, आणि रेल्वे-कंत्राटदार सर डोनाल्ड मॅन यांनी हौशी संघांसाठी सोन्याचा वेगळा मॅन चषक दिला तो १९१० मध्ये. मिंटो चषक हौशींच्या हातून सुटला नसता, तर मॅन चषकाची गरज कशाला पडती? म्हणून स्थित्यंतर एका वर्षात न बसवता १९०६–१० असा टप्पा धरणे अधिक सयुक्तिक दिसते.

१९०८ मध्ये ब्रिटिश कोलंबियातील न्यू वेस्टमिन्स्टरच्या सॅमनबेलीज संघाने माँट्रियलला जाऊन शॅमरॉक्सना हरवले आणि चषक पश्चिमेला नेला. फ्रेझर नदीवरील या गावचा सॅमन मासेमारीचा धंदा संघाच्या नावात उतरला आहे. त्यानंतर व्यावसायिक काळात चषक पूर्वेकडे परतला नाही. तो न्यू वेस्टमिन्स्टर आणि शेजारचे व्हँकूव्हर या दोघांतच फिरत राहिला. १९११ मध्ये व्हँकूव्हरने तो जिंकला. त्या संघाचा कर्ताकरविता कॉन जोन्स याने आइस हॉकीतही गाजलेल्या न्यूझी लालोंड याला एका हंगामासाठी ५,००० डॉलर दिले, असे सांगितले जाते. हॉकीतून तेव्हा त्याला याच्या जवळपासही मिळत नसे. पहिल्या महायुद्धात खेळ विस्कळीत झाला. मोजक्या दोन गावांच्या चुरशीवर प्रेक्षक कायम टिकेनात आणि १९२४ मध्ये पश्चिमेचा व्यावसायिक लॅक्रॉस हंगामाच्या मध्यातच कोसळला.

चषक नंतर बरीच वर्षे तसाच पडून होता. दरम्यान १९३१ पासून आइस हॉकीच्या बंदिस्त रिंगणात, कमी गड्यांनिशी खेळायचा ‘बॉक्स लॅक्रॉस’ पुढे आला. उन्हाळ्यात रिकामी राहणारी सभागृहे वापरात आणणे हा त्यामागचा उघड हिशेब होता. मैदानी प्रकार कॅनडात त्यापुढे झपाट्याने मागे पडला. १९३७ पासून मिंटो चषक कुमार गटाच्या राष्ट्रीय अजिंक्यपदासाठी, बॉक्स प्रकारात, दिला जाऊ लागला. ओंटारिओ, ब्रिटिश कोलंबिया व आल्बर्टा या प्रांतांतील संघ आता त्यासाठी झुंजतात. आजच्या व्यावसायिक नॅशनल लॅक्रॉस लीगचा अजिंक्यपद चषक निराळा असून त्याचा मिंटो चषकाशी थेट संबंध नाही.