लॉरेन्स, कॅरोलाइन

लॉरेन्स, कॅरोलाइन : (१९५४ – ). मुलांसाठी ऐतिहासिक रहस्यकादंबऱ्या लिहिणाऱ्या लेखिका. आईवडील अमेरिकन, जन्म लंडनचा, पण बालपण कॅलिफोर्नियातील बेकर्सफील्ड येथे गेले. बर्कली येथे ग्रीक-लॅटिन अभिजात साहित्याचे, केंब्रिजच्या न्यूनहॅम महाविद्यालयात पुरातत्त्वाचे आणि पुढे लंडनमध्ये हिब्रू व यहुदी विद्येचे शिक्षण त्यांनी घेतले. त्यानंतर लंडनमधील एका प्राथमिक शाळेत त्या लॅटिन शिकवीत. पहिली कादंबरी ‘द थीव्ज ऑफ ऑस्टिया’ २००१ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा त्यांनी पंचेचाळिशी ओलांडली होती. मात्र इतक्या वर्षांच्या अभ्यासाची शिदोरी जवळ असल्याने २००९ पर्यंत ‘रोमन मिस्टरीज’ मालेच्या सतरा कादंबऱ्या त्या लिहू शकल्या.

मालेचा आरंभ इ. स. ७९ मध्ये रोमचे बंदर असलेल्या ऑस्टिया येथे होतो. वस्तीतील राखणदार कुत्र्यांची मुंडकी कोण उडवीत आहे, हे पहिले कोडे. मुलांच्या पुस्तकासाठी ही सुरुवात धीटच म्हणावी लागेल. जहाजाच्या कप्तानाची मुलगी फ्लाविया, शेजारच्या यहुदी वैद्याचा मुलगा जोनाथन, गुलामांच्या बाजारातून आलेली आफ्रिकन नुबिया आणि जीभ छाटली गेल्याने मेणाच्या पाटीवर लिहून बोलणारा भिकारी मुलगा लुपस हे चौघे शोध घेतात. वाढदिवसाला मिळालेले पैसे मोजून फ्लाविया नुबियाला विकत घेते. नायिकाच गुलामाची मालकीण ठरते, हे लेखिकेने झाकलेले नाही. पुढे ती नुबियाला मुक्त करते खरी, पण गुलामगिरीचा प्रश्न तेवढ्याने मिटत नाही आणि मालेचे खरे बळ याच अवघडलेपणात आहे. व्हीस्यूव्हियस ज्वालामुखीचा उद्रेक, रोमन निसर्गअभ्यासक थोरला प्लिनी, कोलोसियमचे उद्‌घाटन, सम्राट टायटसची कारकीर्द हे सर्व कथेत येते ते तपासाच्या ओघात. प्रकरणांना ‘स्क्रोल’ म्हटले असून शेवटी शब्दार्थसूची असते. रोमन शौचालयात वापरली जाणारी, काठीच्या टोकाला स्पंज लावलेली वस्तू दाखवून शाळांमधील मुलांना हसवीत शिकविण्याची त्यांची रीतही प्रसिद्ध आहे.

बीबीसीने २००७ आणि २००८ मध्ये या कथांवर दूरचित्रवाणी मालिका दाखविली. अभिजात विद्या सामान्यांपर्यंत पोहोचविल्याबद्दल क्लासिकल असोसिएशनचे पारितोषिक त्यांना २००९ मध्ये मिळाले. पुढच्या कथांसाठी त्यांनी १८६२ मधील नेव्हाडातील व्हर्जिनिया सिटी हे चांदीच्या खाणींचे गाव निवडले. तेथे गुप्तहेरी करणाऱ्या बारा वर्षांच्या पी. के. पिंकर्टनला माणसांच्या चेहऱ्यावरील भाव ओळखता येत नाहीत. गुप्तहेराला असे वैगुण्य देणे ही लॉरेन्स यांची सर्वांत चतुर कल्पना होय. ‘रोमन क्वेस्ट्स’ मालेत त्या रोमन ब्रिटनकडे वळल्या. ‘द टाइम ट्रॅव्हल डायरीज’चा (२०१९) आधार लंडनच्या सदर्क भागातील उत्खननात हस्तिदंती मुठीच्या सुरीसह सापडलेला, रोमन काळातील किशोरवयीन मुलीचा सांगाडा आहे. या मुलीचे डोळे निळे असावेत आणि तिचे बालपण भूमध्य समुद्राच्या दक्षिणेकडील प्रदेशात गेले असावे, असे वैज्ञानिक परीक्षणातून सूचित झाले आहे. ती लंडनला कशी पोहोचली, हा कादंबरीतील तपासाचा विषय होय.