अवलोकितेश्वर

महायान बौद्ध परंपरेतला करुणेचा बोधिसत्त्व. पद्मपाणी, लोकेश्वर, लोकनाथ ही त्याचीच नावं. सगळे जीव दुःखातून सुटेपर्यंत त्यांच्यासाठी झटण्याचा त्याचा संकल्प आहे.

नावाचा रूढ अर्थ ‘जगाकडे पाहणारा ईश्वर’. मध्य आशियात मिळालेल्या जुन्या हस्तलिखितांत मात्र ‘अवलोकितस्वर’ असं रूप आढळतं, म्हणजे हाकेकडे लक्ष असणारा. चिनी ‘ग्वानशियिन’ हे नावही त्याच अर्थाचं. जुनं रूप त्याला अधिक शोभतं, कारण ‘सद्धर्मपुंडरीक’ सूत्रात तो असाच भेटतो : संकटात नाव घ्यावं आणि त्यानं धावून यावं. या सूत्राचं चिनी भाषांतर इ.स. २८६ मध्ये झालं होतं.

विदर्भाशी त्याचं नातं वाशीमवरून जातं. वाशीम म्हणजे वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी वत्सगुल्म. तिथल्या हरिषेण राजाच्या काळात, पाचव्या शतकात, अजिंठ्याच्या कामाला बहर आला. सोळाव्या लेणीत त्याचा मंत्री वराहदेव याचा शिलालेख आहे. पहिल्या लेणीतला पद्मपाणी सर्वांना ठाऊक आहे : डोक्यावर मुकुट, हातात कमळ, अंग किंचित कललेलं, नजर खाली. चौथ्या लेणीतला शिल्पपट तितकाच थांबून पाहावा असा. मध्ये बोधिसत्त्व उभा आणि दोन्ही बाजूंना हत्ती, सिंह, साप, आग, चोर अशा आठ भयांत सापडलेली माणसं. वाटसरू-व्यापाऱ्यांची रोजची भीतीच तिथे दगडात उतरली आहे.

पुढे तिबेटात तो चेनरेझिग झाला. दलाई लामांना त्याचाच अवतार मानतात. चीनमध्ये सोंग राजघराण्याच्या काळापासून त्याचं स्त्रीरूप रुजत गेलं आणि ग्वानयिन ही मायाळू देवी घरोघरी पोचली. जपानात तोच कान्नोन.

विदर्भातल्या खेड्यांतल्या विहारांत मात्र त्याची मूर्ती सहसा दिसत नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बौद्ध धम्म स्वीकारताना घेतलेल्या २२ प्रतिज्ञांनी देवाधर्माची जुनी चौकट मोडली, त्यामुळे नवसाला पावणाऱ्याला तिथे जागा उरली नाही. ‘बोधिसत्त्व’ हा शब्द मात्र टिकला, आणि तो बाबासाहेब आंबेडकरांच्या नावामागे लागला. बुद्धमूर्तीशेजारी त्यांची तसबीर असते. वर्षावासात, निंदण-डवरणाच्या दिवसांत, सांजेला शेतातून परतलेल्या बाया हातपाय धुऊन, पांढरं लुगडं नेसून विहारात येतात. मेणबत्ती लागते, त्रिसरण-पंचशील होतं आणि कुणीतरी बाबासाहेबांचा ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा ग्रंथ कालच्या खुणेपासून पुढे वाचू लागतं. आश्विन पौर्णिमेला ग्रंथ संपला की गावभर खीर वाटतात.